जर्मनीतल्या वेगेत राहायला जाताना: गप्प राहून ‘अ‍ॅडजस्ट’ करू नकोस

प्रश्न असा आला आहे: “ताई, मी नाशिकची. ऑक्टोबरपासून श्टुटगार्टला मास्टर्स करणार आहे. वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत आहे, पण तोवर चार जणांच्या एका वेगेत, म्हणजे सामायिक फ्लॅटमध्ये, खोली मिळाली आहे. बाकी तिघांत दोन जर्मन आणि एक तुर्की मुलगी. मी घर सोडून कधीच राहिलेले नाही. आई म्हणते, सगळ्यांशी जमवून घे, उलटून बोलू नकोस. सामान, पैसे, स्वयंपाक, साफसफाई यात नेमकं काय सांभाळायचं?”

आईला माझा नमस्कार सांग, आणि तिचा सल्ला मुंबई विमानतळावरच ठेवून ये. असं का म्हणते ते पुढे येईलच.

मी 2013 साली सांगलीहून इथे शिकायला आले. सहा वर्षांत तीन वेगे बदलल्या. आता आमच्या फ्लॅटमधल्या दोन खोल्या मी विद्यार्थ्यांना देते, म्हणजे एकेकाळी ज्यांच्यावर चरफडायचे त्या बाजूला मीच जाऊन बसले आहे. त्यामुळे जे सांगते आहे ते दोन्हीकडून पाहिलेलं आहे.

आधी वेगे म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण पुण्यातल्या पीजीची कल्पना डोक्यात ठेवून मुलं येतात आणि गोंधळतात. वोनगेमाइनशाफ्टचं लघुरूप वेगे. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं. इथे डबा देणाऱ्या काकू नाहीत, येणारी मावशी नाही आणि रात्री दहाला गेट लावणारा वॉचमनही नाही. घर कुणीच चालवत नाही, म्हणून ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर चालतं. त्या कागदाला पुट्सप्लान म्हणतात: कोणत्या आठवड्यात न्हाणीघर कोणाचं, स्वयंपाकघर कोणाचं, कचरा कोणाचा. सामान ठेवल्यावर सगळ्यात आधी त्याचा फोटो काढ आणि आपलं नाव कुठे आहे ते बघ.

आता कागदपत्रं. कंटाळवाणी आहेत, पण पहिले पंधरा दिवस यातच जाणार.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत आपला पत्ता नोंदवायचा असतो. ही आनमेल्डुंग. त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं, त्याचं नाव एका दमात म्हणता येत नाही: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हे पत्र मिळेल का, हे पैसे पाठवण्याआधीच विचार. “खोली आहे, पण नोंदणी करता येणार नाही” असं कोणी म्हणालं तर ती खोली घेऊ नकोस. नोंदणीवाचून व्हिसाची मुदतवाढ अडते, पुढे नोकरीसाठी लागणारा कर क्रमांक येत नाही, बँकाही कुरकुरतात. वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून भारतातूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेव.

आणि उतरल्या दिवशी दाराच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटव. साध्या चिठ्ठीवर लिही, चालतं. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन आडनाव शोधतो, नाही दिसलं की पत्र परत. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं होतं आणि मी बँकेला शिव्या घालत बसले होते. चूक माझ्या पेटीवरच्या कोऱ्या जागेची होती.

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. जाहिरातीत कोणता आकडा आहे आणि त्यात वीज आणि इंटरनेट येतं का, हे सरळ विचार. हीटिंगचे पैसे अंदाजाने आगाऊ घेतलेले असतात. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि जास्त वापर झाला असेल तर फरक भरावा लागतो. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो कागद यायला हवा. म्हणून मधेच खोली सोडताना “माझा हिशेब कसा होणार” हे लेखी घे.

डिपॉझिटला इथे काउट्सिओन म्हणतात. कायद्याने ते तीन काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. वेगेत एक गोची असते. बऱ्याचदा जाणारा मुलगा म्हणतो, माझं डिपॉझिट तू मला दे, मग तू जाशील तेव्हा पुढच्याकडून घे. ही पद्धत चालते, पण घरमालकाला ते माहीत आहे का आणि करारात तुझं नाव आहे का, हे बघितल्याशिवाय एक युरो देऊ नकोस. करारात तू हाउप्टमीटर (मुख्य भाडेकरू) आहेस की उंटरमीटर (पोटभाडेकरू), हेही वाच. मुख्य भाडेकरू चौघंही असतील तर एकाने भाडं बुडवलं की मालक उरलेल्यांकडे मागू शकतो. पोटभाडेकरू असशील तर तुझा व्यवहार मुख्य भाडेकरूशी, मालकाशी नाही. दोन्हीत गैर काही नाही, फक्त आपण कुठे उभे आहोत ते माहीत असावं.

“मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल” हा फसवणुकीचा जुनाच मंत्र आहे. व्हिडिओ कॉलवर खोली आणि आतली माणसं दोन्ही बघ. तू बघितली असशीलच, तरी मैत्रिणींना सांग.

ब्लॉक्ड अकाउंटच्या, म्हणजे व्हिसासाठी आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या खात्याच्या, भरवशावर राहू नकोस. त्यातले 11,904 युरो महिन्याला 992 अशाच हिशेबाने सुटतात, तेही इथलं खातं उघडून सगळं जोडल्यावर. पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि गादी-दिवा यांचे पैसे वेगळे ठेव. हो, दिवा. खोली रिकामी मिळाली तर छताला नुसती वायर लोंबत असते. पलंग, टेबल वगैरे जुनं घे. इथे लोक चांगल्या वस्तू “घेऊन जा” असं लिहून फुटपाथवर ठेवतात. माझी पहिली खुर्ची तिथलीच.

ताबा घेताना उबरगाबेप्रोटोकोल करायचा. खोलीची आणि वस्तूंची स्थिती लिहून दोघांनी सही करायची. भिंतीवरचा ओरखडा, खिडकीची कडी, ओट्यावरचा डाग, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल कर, म्हणजे तारीख पडते. दुसरी वेगे सोडताना मला ओट्यावरच्या जळक्या डागाचे पैसे कापले गेले. तो डाग माझ्या आधीचा होता. सांगितलं, पण दाखवायला काहीच नव्हतं. आल्या दिवशी मला वाटलं होतं, पहिल्याच भेटीत डाग काय दाखवायचा, बरं दिसत नाही. त्या “बरं दिसत नाही”ला पैसे पडले.

हाफ्टफ्लिख्ट नावाचा विमा काढ. दुसऱ्याच्या वस्तूचं तुझ्या हातून नुकसान झालं तर तो भरून देतो, महिन्याला थोडक्या युरोत मिळतो. काढताना चावी हरवणं त्यात धरलं आहे का बघ. इथे बऱ्याचदा एकच चावी इमारतीचं दार, तळघर आणि फ्लॅट उघडते. ती हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. चावीवरून आठवलं: फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढलं गेलं की तू बाहेर. डिसेंबरात रात्री कचरा टाकायला मी सपाता घालून खाली गेले आणि मागे दार लागलं. कुलूपवाला आला, दोन मिनिटांत दार उघडलं आणि तिथेच उभं राहून त्याने जे बिल फाडलं ते माझ्या त्या महिन्याच्या किराण्यापेक्षा मोठं होतं. एक जादा चावी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेव.

तो शेजारी कसा मिळवायचा, ते श्टुटगार्टात सोपं आहे, कारण तिथे केरवोखे आहे.

केरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. जिना, पायऱ्या, कधी तळघर आणि इमारतीसमोरचा फुटपाथ, पाळीपाळीने भाडेकरूंनी साफ करायचा. बर्फ पडलं तर तेही काढायचं. 1492 साली तिथला राज्यकर्ता असलेल्या दाढीवाल्या काउंट एबरहार्डने श्टुटगार्टच्या नगरनियमांत लिहून ठेवलं होतं की प्रत्येकाने दर आठवड्याला आपली घाण बाहेर नेऊन टाकावी. श्वाबी लोक, म्हणजे श्टुटगार्टच्या भागातले लोक, तेव्हापासून थांबलेले नाहीत. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकवलेली असते. काम झालं की पाटी पुढच्या दारावर.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका सोमवारी आमच्या दारावर लाकडी पाटी दिसली. वाटलं, कोणाची तरी शोभेची वस्तू चुकून इथे लागली. मी ती सद्भावनेने समोरच्या दारावर नेऊन लटकवली. म्हणजे श्वाबी भाषेत मी जाहीर केलं की जिना झाडून पुसून झाला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, एका हातात पाटी, दुसऱ्या हातात बादली. ओरडल्या नाहीत. मला जिन्यात उभं केलं, फडकं कसं पिळायचं ते दाखवलं (आधी कोरडा झाडू, मग ओलं फडकं, वरून खाली, कठडाही) आणि शेवटची पायरी झाल्यावर बोटाने तपासली. पुढची तीन वर्षं माझी जादा चावी त्या आजींकडे होती. तुझ्या इमारतीत हे काम कंपनीला दिलेलं असू शकतं, पण पहिल्याच दिवशी विचार.

आता स्वयंपाकघर. खरी भांडणं इथेच होतात.

फ्रिजमध्ये तुला एक कप्पा मिळेल. त्याबाहेर पसरायचं नाही आणि दुसऱ्याच्या दुधाला हात लावायचा नाही, थेंबभरही. मीठ, तेल, भांडी धुवायचा साबण यांसाठी बहुतेक ठिकाणी सामायिक गल्ला असतो. तुझं तेल महिन्याला किती लागेल याचा अंदाज दे आणि तेल वेगळं ठेव. आपल्या फोडणीचं तेल त्यांच्या सॅलडच्या तेलाशी बरोबरीत मोजलं तर गल्ला दुसऱ्याच आठवड्यात रिकामा होतो.

वासाबद्दल स्पष्ट सांगते. वास येतो. हिंग, लसणाची फोडणी, भाजलेलं खोबरं, सुकी मिरची, आपल्याला भूक लावणारं हे सगळं दुसऱ्याच्या कोटात जाऊन बसतं. कोट बाहेर पॅसेजमध्येच टांगलेले असतात. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, चिमणी असेल तर फोडणीच्या आधी चालू. मिरच्यांचा ठेचा करायचा असेल तर आधी सांग. धूर ओळखणारे यंत्र पॅसेजमध्ये असतंच, मिरच्या परतताना दार उघडं राहिलं तर ते बोंबलतं. पण लाजून आठ महिने ब्रेड-चीज खाऊ नकोस. मी पहिल्या सेमिस्टरला तेच केलं आणि परीक्षेच्या आधी आजारी पडले. तुझ्या भाड्यात स्वयंपाकघराचा चौथा हिस्सा आहे.

हळदीचं एक कर. पांढरा ओटा, पांढरा प्लास्टिकचा उलथणा, सगळ्यांचा स्पंज, हे हळदीचे शत्रू. स्वतःचा स्पंज आणि कालथा वेगळा ठेव. डाग पडलाच तर घासत बसू नकोस. उलथणा धुऊन खिडकीत उन्हात ठेव, हळदीचा रंग उन्हाने उडतो. माझ्या जर्मन मैत्रिणीला ही जादू वाटली होती. ओट्यावर मात्र लगेच पुसायचं, कारण श्टुटगार्टच्या नोव्हेंबरात उन्हाची वाट किती बघणार?

शेगडी काचेची असते. ती इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. म्हणून इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा स्टीलचा तीन लिटरचा कुकर आण, तो दोन्हीवर चालतो. गोल बुडाची कढई घरी ठेव. शिट्टीची सोबत्यांना आधी कल्पना दे. माझ्या पहिल्या शिट्टीला एक मुलगा टेबलाखाली वाकला होता, खोटं सांगत नाही.

सामानाचं थोडक्यात: लाटणं, मसाल्यांचा छोटा डबा, एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्याला युरोपीय पिन. डाळी, पीठ, कोथिंबीर तुर्की दुकानात मिळतात, तुझी सोबतीण दाखवेल. साजूक तूप, पेढे, खवा, मांसाचं लोणचं बॅगेत भरू नकोस. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, पकडलं तर टाकून देतात. तूप इथल्या लोण्याच्या 250 ग्रॅमच्या वडीपासून छान कढतं. तो वास तेवढा सगळ्यांना आवडतो.

न्हाणीघर कोरडं असतं, हे आपल्याला पचायला वेळ लागतो. शॉवरच्या बाहेर जमिनीत पाणी जायला मोरीच नसते. बादली-मग घेऊन बाहेर अंघोळ केली तर पाणी खालच्या घराच्या छतात जाईल. शॉवरमध्ये उभं राहायचं, पडदा आत, आणि झाल्यावर रबरी पट्टीने काच-फरशा ओढून घ्यायच्या. संडासाचा ब्रश शोभेला नसतो, प्रत्येकाने आपल्यानंतर वापरायचा.

हवा हा इथला राष्ट्रीय विषय आहे. थंडीत दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, मग बंद. याला श्टोसल्युफ्टेन म्हणतात. दिवसभर खिडकी तिरकी फटीत ठेवून खाली हीटर चालू, हे आपण सगळे करतो आणि ते चूक आहे. भिंत गार पडते, तिच्यावर दमट हवेचं पाणी धरतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. खोलीत कपडे वाळत घालत असशील तर आणखीनच. मी घरमालकीण म्हणून सर्वांत जास्त घाबरते ती या बुरशीला.

कचऱ्याच्या डब्यांचे रंग सोबत्यांना विचार, गावागणिक फरक असतो. काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. कॅन आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर बहुतेक 25 सेंट परत मिळतात, त्या जपून ठेव. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर मिक्सर, ड्रिल, वॉशिंग मशीन नको. आईशी व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरात स्पीकरवर करू नकोस. आपल्याला त्यात काही वाटत नाही, इथे तो दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा वाटतो.

नोंदणीनंतर रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येईल, रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी द्यावं लागतं, पण ते घरामागे एकदाच असतं. घरातलं कोणीतरी आधीच भरत असेल, त्याचा क्रमांक कळव आणि तुझा चौथा हिस्सा त्याला दे. पत्र कचऱ्यात टाकू नकोस, दंड वाढत जातो.

आता तुझ्या आईच्या सल्ल्याकडे. माझ्याकडे एक मराठी मुलगा राहायचा. हुशार, शांत, लाघवी. बरोबर एक जर्मन मुलगा. जर्मन मुलाला भांडी रात्रभर सिंकमध्ये ठेवायची सवय. आपला मुलगा सकाळी उठून स्वतःची धुताना त्याचीही धुवायचा. “एवढंसं काय, अ‍ॅडजस्ट करू.” असं चार महिने चाललं. मग एका सकाळी, परीक्षेच्या आठवड्यात, त्याने ती सगळी भांडी उचलून जर्मन मुलाच्या दारात नेऊन ठेवली, वर मराठीत चार शब्द ऐकवले आणि महिन्याच्या शेवटी खोली सोडली. मी जर्मन मुलाला विचारलं, काय झालं? तो खरोखर गोंधळला होता. म्हणाला, “मला वाटलं त्याला भांडी धुवायला आवडतं. तो कधी काही बोललाच नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे न बोलता केलेलं काम समोरच्याला टोचतं, कळतं, तो ओशाळतो. इथे न बोललेलं कळत नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक. आणि उलट बाजूही तशीच. फ्रिजवर तुझ्या नावाने चिठ्ठी दिसेल, “कृपया शॉवरमधले केस काढ”, खाली हसरा चेहरा. तू रात्रभर रडशील की मी यांना नकोशी झाले. लिहिणारी मात्र विसरूनही गेलेली असेल. चिठ्ठीचा अर्थ फक्त केस एवढाच.

म्हणून पहिल्या आठवड्यात संध्याकाळी चौघांना एकत्र बसव. पोहे कर, न तिखट. आणि विचार: काय खटकतं तुम्हाला? मग तुझंही सांग: मी फोडणी करते, वास येईल, मला सकाळी अंघोळीला इतका वेळ लागतो, माझ्या शाकाहारी भांड्यांत मांस नको. आमच्या घरात महिन्यातून एकदा अशी बैठक होते आणि त्यात जे ठरतं ते फ्रिजवर लिहिलं जातं. कुरकुर असेल तर दोन दिवसांत सांगायची, वाक्य साधं, कारणासकट, “तू नेहमीच असं करतेस” हे टाळून. पहिल्यांदा जीभ अडखळेल. मी पहिल्यांदा “माझी कढई घासणीने घासू नकोस” हे सांगायला तीन दिवस आरशासमोर घालवले होते. सोबतीण म्हणाली, “ओके,” आणि चहा प्यायला लागली.

उत्सवाचं आत्ताच सांगते, कारण तू पोचतेस न पोचतेस तोच दिवाळी येईल. पणत्या लाव, पण सोडून बाहेर जाऊ नकोस. उदबत्ती विचारून, खिडकीपाशी.

आणि तिकीट शक्यतो रविवारचं काढू नकोस. त्या दिवशी दुकानं बंद असतात, रिकाम्या खोलीत दिव्याविना रात्र काढावी लागते. रविवारशिवाय पर्यायच नसेल तर बॅगेत चार चपात्या, चटणीची पुडी आणि एक टॉर्च वर, हाताशी येईल अशी ठेव.